चालत्या गाडीतील बंदूक

मुंबई–सुरत लोहमार्गावरील पालघर आणि बोईसर ही स्थानके तारापूरच्या अणुवीज केंद्रातील व औद्योगिक वसाहतीतील नोकरदारांच्या रोजच्या वहिवाटीची आहेत. मात्र मध्यरात्रीनंतर येथून लांब पल्ल्याच्या गाड्याच अधिक जातात आणि त्यांतील अनेक गाड्यांत रेल्वे सुरक्षा बलाची एस्कॉर्ट पार्टी, म्हणजे गाडीबरोबर प्रवास करणारी सशस्त्र जवानांची लहान तुकडी, असते.

अमेरिकेत वेल्स फार्गोच्या घोडागाडीवर चालकाशेजारी बंदूक घेऊन बसणारा रक्षक मुख्यतः सोन्याची पेटी राखत असे आणि प्रवाशांचे रक्षण ओघाने होई. भारतीय रेल्वेतही पहारा आधी मालमत्तेचाच होता. 'वॉच अँड वॉर्ड' या जुन्या पहारा खात्याच्या परंपरेतून आलेल्या या बलाला १९५७ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले, १९८५ च्या दुरुस्तीने ते संघराज्याचे सशस्त्र दल झाले, तर प्रवाशांची सुरक्षा कायद्याने त्याच्याकडे आली ती २००३ च्या दुरुस्तीने, म्हणजे पुष्कळच उशिरा.

तरीही सामान चोरीला गेल्यास गुन्हा नोंदवून तपास करतात ते लोहमार्ग पोलीस, आणि ते राज्य सरकारचे असतात; त्यामुळे डब्यात सर्वांत आधी पोचणाऱ्या जवानाच्या हाती बंदूक असते, तपास नसतो. झोपलेल्या प्रवाशांच्या पायांतून वाट काढत, दारे तपासत, एकट्या स्त्रीची विचारपूस करत तो डब्यांमागून डबे पालथे घालतो. शस्त्र आणि काडतुसे मोजून परत जमा होईपर्यंत त्याची पाळी संपत नाही.

या रचनेतील उणीव ३१ जुलै २०२३ रोजी उघडी पडली. आदल्या रात्री मुंबईहून सौराष्ट्र मेलने सुरतेस गेलेली चौघांची तुकडी तेथे थोडा वेळ थांबून पहाटे तीनच्या सुमारास जयपूर–मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसने परत निघाली. प्रकृती बरी नसल्याने वलसाडला उतरू द्यावे, अशी एका शिपायाने विनंती केली, पण त्याला मुंबईपर्यंत काम पुरे करण्यास सांगण्यात आले, असे सहकाऱ्याच्या जबाबात आहे. पालघर मागे पडल्यावर त्याने आपला वरिष्ठ आणि वेगवेगळ्या डब्यांतील तीन मुस्लिम प्रवासी यांना गोळ्या घातल्याचा आरोप असून, धार्मिक तेढ वाढविल्याचे कलमही आरोपपत्रात आहे. तपास अर्थातच लोहमार्ग पोलिसांकडे गेला.

आजारपण वा थकवा द्वेषाचा खुलासा ठरत नाही आणि त्या चार मृत्यूंचा जाब न्यायालयच विचारील. परंतु अस्वस्थ वाटणाऱ्या शस्त्रधारी जवानाने वाटेत शस्त्र कोणाकडे सोपवावे, त्याच्या जागी कोणी चढावे आणि हे ठरविण्याचा अधिकार तुकडीप्रमुखाला असावा की दूरच्या नियंत्रण कक्षाला, हे प्रश्न प्रशासनाचे आहेत. वलसाड, पालघर, बोईसर अशा मधल्या स्थानकांवर ही सोय लेखी नियमाने झाली पाहिजे.