दोन्ही बाकांवरचा समाजवादी वारसा

२०२४च्या लोकसभा निवडणुकीनंतर समाजवादी पक्षाचे ३७ सदस्य विरोधी बाकांवर बसले, तर संयुक्त जनता दलाचे १२ सदस्य सत्ताधारी बाकांवर. डॉ. राममनोहर लोहिया यांचा वारसा मात्र दोन्ही पक्ष सांगतात. याला निव्वळ संधिसाधूपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या दुभंगाची मुळे प्रजा समाजवादी पक्षाच्या, म्हणजेच ‘प्रसप’च्या, पहिल्या काही वर्षांत सापडतात.

१९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जयप्रकाश नारायण यांच्या समाजवादी पक्षाला सुमारे साडेदहा टक्के मते मिळाली. जागा मात्र १२. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाच्या पदरी पावणेसहा टक्के मते आणि ९ जागा पडल्या. उलट कम्युनिस्टांनी जेमतेम सव्वातीन टक्के मतांवर १६ जागा मिळवल्या, कारण त्यांची शक्ती मोजक्या प्रदेशांत एकवटली होती. त्याच वर्षी कृपलानी आणि समाजवादी एकत्र आले व ‘प्रसप’ जन्मला. मतांची बेरीज झाली. काँग्रेसशी नाते कोणते ठेवावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधकांनीही सत्ताधाऱ्यांशी सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत, असे अशोक मेहता १९५३ मध्ये मांडू लागले. लोहियांना काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोहोंपासून समान अंतर हवे होते.

कसोटी लागली त्रावणकोर-कोचीनमध्ये. १९५४ साली तेथे ‘प्रसप’चे पट्टम थाणू पिळ्ळै काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. पक्षाचे आमदार होते अवघे १९. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील तमीळभाषक तालुक्यांत आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात काहींचा बळी गेला. पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी स्वपक्षाच्याच सरकारचा राजीनामा मागितला. गोळीबार करणारे सरकार परक्याचे असो वा आपले, निकष एकच, ही त्यांची भूमिका होती. पक्षनेतृत्वाने सरकार राखले. १९५५ साली काँग्रेसने साथ सोडताच ते कोसळले, आणि त्याच वर्षी पक्षही फुटला.

गुणवत्तेची वाण या पक्षाला कधीच नव्हती. १९५७ पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे बॅ. नाथ पै यांनी घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकारासाठी १९६७ मध्ये मांडलेले खासगी विधेयक याची साक्ष देते. मात्र १९७१च्या निवडणुकीत ‘प्रसप’चे दोनच सदस्य लोकसभेत पोहोचले. त्यांपैकी एक, राजापूरचेच प्रा. मधु दंडवते, १९७७ मध्ये जनता राजवटीत रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांच्याच कारकीर्दीत गाद्या आल्या. दिल्ली-मुंबई प्रवास करणाऱ्या सामान्य मराठी माणसाला समाजवादाचा इतका प्रत्यक्ष लाभ क्वचितच झाला असेल.

म्हणजे सत्तेत जाऊन काही साधता येते, हे दंडवत्यांनी दाखवले. सत्तेत असतानाही स्वतःच्या सरकारला जाब विचारता येतो, हे लोहियांनी. पहिला धडा दोन्ही वारसदारांना चांगलाच अवगत आहे. दुसऱ्याची परीक्षा सत्ता हाती असतानाच होते, आणि त्या परीक्षेला बसण्याची तयारी आज दोन्ही बाकांवर अभावानेच दिसते.