पीक संरक्षणासाठी बंदूक : परवाना, पडताळणी आणि जबाबदारी

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या, हरभऱ्याला घाटे धरले किंवा ज्वारी हुरड्यात आली की रानडुक्कर, रोही व हरणांचे कळप शेतात उतरतात. जिंतूर तालुक्यातील डोंगरपट्टा, गंगाखेड भागातील बालाघाटच्या रांगा आणि गोदावरी, पूर्णा व दुधना काठचे उसाचे फड येथे हा त्रास विशेष जाणवतो. परभणी जिल्ह्यात जंगल फार थोडे आहे, त्यामुळे ऊस व काटेरी झुडपे हीच रानडुकरांची लपण्याची जागा झाली आहे. एका रात्रीत उभे पीक लोळविले जाते आणि सकाळी शेतकरी म्हणतो, "बंदुकीचा परवाना मिळाला असता तर बरे झाले असते."

ही मागणी गैर आहे असे नाही. परंतु बंदुकीचा परवाना कोणास मिळतो, त्यासाठी कोणती पडताळणी होते आणि परवाना मिळाल्यानंतर काय करता येते व काय करता येत नाही, याविषयी बरेच गैरसमज आहेत. अर्धवट माहितीमुळे काही शेतकरी नुकसानीबरोबर फौजदारी खटलाही ओढवून घेतात. म्हणून या विषयाची माहिती येथे दिली आहे.

वादाची पार्श्वभूमी

सामान्य नागरिकाजवळ शस्त्र असावे की नसावे, हा वाद आपल्या देशात जुना आहे. इंग्रज सरकारने १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा केला. त्यानुसार भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी झाली, परंतु युरोपियनांना मात्र सूट होती. या पक्षपातामुळे देशात मोठी नाराजी होती. महात्मा गांधींनी १९३० साली व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत व त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केलेला होता.

पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारांनाही मिळेल आणि सरकारला त्यांना अडविता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सूचना फेटाळली गेली. त्यामुळे भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. ती कायद्याने दिलेली परवानगी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची दखल घेताना अमेरिकेतील आणि आपल्याकडील हा फरक दाखवून दिला.

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने हा हक्क दिलेला आहे. तेथे परवानाधारक दुकानदाराने बंदूक विकताना ग्राहकाची पूर्वपीठिका तपासावी, असा कायदा १९९३ साली झाला आणि १९९८ पासून ही तपासणी संगणकाद्वारे होऊ लागली. मात्र दोन खाजगी व्यक्तींमधील विक्रीस केंद्रीय कायद्याने अशी तपासणी सक्तीची केलेली नाही आणि तेथील वादाचा मोठा भाग याच मुद्द्यावर आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यानंतर कायदा कडक केला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या. तरीही तेथे शेती हे बंदूक बाळगण्याचे रास्त कारण मानले जाते. म्हणजेच कडक कायद्यातही शेतकऱ्याची गरज विचारात घेता येते. आपल्या कायद्यातही ती घेतलेली आहे.

आपला कायदा काय सांगतो ?

सध्या शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्यात यावा, असे त्यात म्हटले आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा, उदाहरणार्थ बारा बोअरच्या एकनळी बंदुकीचा, परवाना देऊ शकतो.

रायफल मात्र या तरतुदीत बसत नाही. पॉइंट २२ बोअरची रायफल मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदास नेमबाजीच्या सरावासाठी मिळू शकते. इतर कामासाठी रायफल हवी असल्यास सबळ कारण द्यावे लागते आणि ते मान्य करणे अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते. पॉइंट ३०३ सारख्या प्रतिबंधित बोअरच्या शस्त्रांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही.

असा फरक का केला, हे समजून घेतले पाहिजे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीतील छरे साधारणपणे ३५ ते ४० मीटरपर्यंतच परिणामकारक असतात. रायफलच्या नळीत आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत व सरळ जाते. पॉइंट २२ ची लहानशी गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपला मुलूख सपाट काळ्या जमिनीचा आहे. गोळी अडविण्यास मध्ये डोंगर नाही, दाट झाडी नाही. रात्री शेजारच्या शेतात कोणी माळ्यावर जागलीला असतो, कोणी पाळीच्या पाण्यावर असतो, बांधाला धनगरांचा वाडा उतरलेला असतो, उसाच्या फडाजवळ तोडणी कामगारांच्या कोप्या असतात. डुकरासाठी सुटलेली गोळी कोठे जाऊन थांबेल, हे अंधारात सांगता येत नाही.

पडताळणी कशी होते ?

परभणी जिल्ह्यात परवाना अधिकारी जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी असतात. आपल्याकडे पडताळणी दुकानात होत नाही, तर खरेदीच्या आधी व्यक्तीची होते. अर्जानंतर पुढील बाबी पाहिल्या जातात.

१) अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे.

२) पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. त्यात पूर्वीचे गुन्हे, शांतता राखण्याबद्दल घेतलेले बंधपत्र, गावातील वैर, व्यसने इत्यादींची चौकशी होते. हा अहवाल ३० दिवसांत द्यावा, असे नियमात आहे.

३) शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते.

४) शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि ते घरी कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते.

५) पीक संरक्षणासाठी अर्ज असल्यास जमिनीचे ठिकाण व क्षेत्र दाखवावे लागते. सातबारा व आठ-अ उतारा, पेरलेली पिके आणि पूर्वी झालेल्या नुकसानीचे पंचनामे जोडल्यास गरज खरी असल्याचे स्पष्ट होते.

केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा बंदूक बागायतदारालाच मिळते, कोरडवाहू शेतकऱ्याला नाही, ही समजूत कायद्याला धरून नाही. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदविली पाहिजेत आणि नकाराविरुद्ध ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. अपिलासाठी आदेशाची प्रत जपून ठेवावी.

परवाना मिळाल्यावर बंदूक व काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीस तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी दोन महिने द्यावा.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. बंदूक बाळगण्याची परवानगी महसूल प्रशासन देते. वन्य प्राणी मारण्याची परवानगी मात्र वनखाते देते. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे. कलम ११ नुसार एखादा प्राणी उभ्या पिकांस किंवा मालमत्तेस धोकादायक झाला असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रानडुक्कर व रोही (नीलगाय) अनुसूची दोनमध्ये आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अशी परवानगी मागता येते. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करावा. काळवीट मात्र अनुसूची एकमध्ये आहे. पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून त्यास मारण्याची परवानगी मिळत नाही आणि मारल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. परवानगीने मारलेला प्राणीही शासनाची मालमत्ता ठरतो, त्याचे मांस वाटून घेता येत नाही. प्राणी अंगावर आल्यास जीव वाचविण्यासाठी सद्‌हेतूने केलेला प्रतिकार हा गुन्हा नाही.

काही राज्यांत केंद्र सरकारने ठरावीक मुदतीसाठी असे प्राणी उपद्रवी घोषित केले होते. २०१५ साली बिहारमध्ये नीलगाय व रानडुकरांबाबत आणि २०१६ साली उत्तराखंडमध्ये रानडुकरांबाबत तसे झाले. ती सूट त्या राज्यांतील ठरलेल्या भागापुरती व मुदतीपुरती होती. तिचा दाखला आपल्या शिवारात चालत नाही.

हे प्रकार कटाक्षाने टाळावेत

गावठी कट्टा किंवा विनापरवाना ठासणीची बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे. आजोबांच्या काळातील बंदूक घरात असेल आणि परवाना नसेल, तर ती लपवून न ठेवता पोलीस ठाण्यात जमा करावी. वारसास नियमाप्रमाणे परवान्यासाठी अर्ज करता येतो.

परवाना वडिलांच्या नावे असताना मुलाने किंवा सालगड्याने बंदूक घेऊन जागलीस जाऊ नये. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

छर्ऱ्याच्या एअरगनने पोपट किंवा मोर मारणे हादेखील गुन्हा आहे. पाखरांसाठी गोफण, डबे वाजविणे व चमकणाऱ्या फिती वापराव्यात. कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे व गावठी बॉम्ब पेरणे हे तर बंदुकीपेक्षाही घातक आहे. अशा तारेला डुकराऐवजी शेजारचा शेतकरी, त्याचे लेकरू किंवा बैल चिकटून मरतो.

मग काय करावे ?

बंदुकीने एक डुक्कर मरते, कळप मात्र शेजारच्या शेतात जातो. रानडुकराची मादी एका वेतात अनेक पिल्ले देते, त्यामुळे एकट्याने केलेल्या बंदोबस्ताचा उपयोग थोडा होतो. गावातील शेतकऱ्यांनी मिळून पाळीने जागल करावी. बांधावरील व ओढ्याकाठची काटेरी झुडपे कमी करावीत. बॅटरीवर चालणारे व थांबून थांबून झटका देणारे सौर कुंपण बसवावे. त्यातील झटक्याने जनावर पळते, मरत नाही. हरभरा व ज्वारीच्या कडेने काटेरी करडईचे पट्टे पेरावेत. परभणी कुसुम हा करडईचा वाण आपल्याच विद्यापीठाचा आहे. त्यामुळे हरणांना काही प्रमाणात अटकाव होतो आणि तेलबियांचे उत्पन्नही मिळते.

नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा व पंचनाम्यापूर्वी शेत मोडू नये. हा कागद नुकसानभरपाईस उपयोगी पडतो, प्राणी मारण्याची परवानगी मागताना उपयोगी पडतो आणि बंदुकीच्या परवान्यासाठी गरजेचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

एवढे करूनही बंदुकीची गरज वाटत असेल तर रीतसर अर्ज करावा. पडताळणीस वेळ लागतो, हेलपाटे पडतात, ही तक्रार अनेक शेतकरी करतात आणि हंगाम हातचा जात असताना ती समजण्यासारखी आहे. म्हणून पेरणी झाल्यावर नव्हे, तर उन्हाळ्यातच कागदपत्रे तयार करून अर्ज दाखल करावा. मात्र पडताळणीच नको, असे म्हणण्यापूर्वी एक विचार करावा. जी चौकशी आपली होते, तीच बांधावरून भांडण असलेल्या आपल्या शेजाऱ्याचीही होते. रात्री उघड्या माळ्यावर निजणाऱ्या शेतकऱ्यास त्या चौकशीचे मोल अधिक आहे.