आगगाडी रुसली तर...

मैत्रिणींनो, मे महिना म्हणजे पापड, कुरडया, लोणच्याच्या कैऱ्या आणि सुट्टीला आलेली नातवंडं. यात आगगाडीचे इंजिन कुठून घुसले, असे तुम्ही म्हणाल. पण घरात खेळणे बिघडले की ते शेवटी येते कुणाच्या हातात? आपल्याच ना! म्हणून सांगते.

आमच्या येडशीच्या घरात माळ्यावर एक खोका आहे. १९८० च्या सुमारास धाकट्या भावजींनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली, विजेवर चालणारी छोटी आगगाडी त्यात असते. एक इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणि वेग कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर. दर सुट्टीत खोका खाली येतो, आणि पोरांइतकीच वाट बघतात आमचे मामंजी. ते या मार्गावर सांधेवाले होते. आता नव्वदीला टेकलेत, डोळ्यांना अंधुकच दिसते. पण गाडी फिरायला लागली की खाटेवर बसल्या बसल्या कानाने ओळखून म्हणतात, "ढोकी आली... आता मुरूड."

यंदा गाडी हललीच नाही. आदल्या दिवशी माझ्या लेकीच्या मुलाने इंजिन हातात घेऊन चाके फिरवली होती. मामंजींनी ते ऐकले होते. "हात लावू नको म्हणलं होतं की तुला," एवढेच ते बोलले. पोरगं नऊ वर्षांचं. रात्री जेवलं नाही. "आजी, मी नाही मोडलं," असं मला उशीत तोंड घालून सांगितलं. दोन दिवस पणजोबा-पणतूंचा अबोला. भावजींना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, टाकून द्या. नवी मागवू." मामंजी काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा मी पदर खोचला.

आधी ही गाडी चालते कशी ते पाहू. समजायला काही अवघड नाही. ट्रान्सफॉर्मर भिंतीतली २३० व्होल्टची वीज उतरवून बारा व्होल्टपर्यंत आणतो. तिची एक तार एका रुळाला, दुसरी दुसऱ्या रुळाला. इंजिनाच्या एका बाजूची चाके एका रुळावरून वीज उचलतात, दुसऱ्या बाजूची दुसऱ्यावरून. तिथून पातळ पत्र्याच्या जिभा ती वीज पोटातल्या मोटरीला देतात, आणि मोटर दातेरी चक्रांनी चाके फिरवते. तारा उलट केल्या की गाडी उलटी जाते. म्हणजे वाट कुठे तुटली एवढेच शोधायचे. नळाला पाणी येईना तर आपण टाकीपासून बघत येतो, तसेच.

मी नातवाला हाक मारली. "तू माझा मदतनीस," म्हटलं. कोपऱ्यावरच्या दुचाकीवाल्याकडून गाडीच्या स्पीडोमीटरमध्ये असतो तो बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणला आणि त्याला दोन तारा जोडून घेतल्या. पहिल्यांदा तारा ट्रान्सफॉर्मरच्या रुळाकडच्या टोकांना लावल्या. बल्ब लागला! म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत. मग त्याच तारा रुळांवर टेकवल्या. अलगद टेकवल्या की लागेना, जरा घासून दाबल्या की लागे. आता मेख कळली. रूळ मळले होते.

आणि मळवले कुणी? मीच! मागच्या सुट्टीनंतर गंज चढू नये म्हणून रुळांवरून खोबरेल तेलाचा बोळा फिरवून ठेवले होते. वर्षभरात त्यावर आपल्याकडची धूळ बसली. आपल्या भागातली उन्हाळ्यातली धूळ मी काय सांगू, कपाटातल्या घडीतसुद्धा शिरते. तेलातून वीज जात नाही, आणि तेल-धुळीचा चिकट थर चाकांनाही लागला होता.

साफ करताना घाई करू नका. प्लग काढायचा, रूळ सुटे करायचे. शाळेतल्या साध्या खोडरबराने रुळाचा वरचा माथा घासायचा, मग स्वच्छ सुती चिंधीवर थोडे स्पिरिट घेऊन पुसायचे. चाकांच्या कडाही तशाच, कापूस गुंडाळलेल्या काडीने. स्पिरिट रंगावर जाऊ देऊ नका, आणि ते पेट घेते, म्हणून पूर्ण उडून गेल्याशिवाय वीज लावायची नाही. पॉलिश पेपर नको, त्याचे ओरखडे नवी घाण धरून ठेवतात. आणि भांडी घासायची तारेची घासणी तर मुळीच नको. तिचे बारीक कण मोटरीतल्या लोहचुंबकाला जाऊन चिकटतात, मग ते निघता निघत नाहीत.

रूळ जोडताना नातवाने एक टाचणी शोधून काढली. माझ्या शिवणातली! ती दोन्ही रुळांवर आडवी पडली असती तर वीज इंजिनापर्यंत न जाता टाचणीतूनच परत फिरली असती आणि ट्रान्सफॉर्मर तापला असता. गाडी मांडण्याआधी टाचण्या, पिना, सुटे पैसे हे बघून घ्या.

आणखी एक चूक होती. रूळ आम्ही गादीवर मांडले होते. मामंजी खाटेवरूनच म्हणाले, "गादीवर कुठं लाईन टाकतेत का? खाली भराव पक्का पायजे." दोन दिवसांतले त्यांचे पहिले वाक्य. नातवाने माझ्याकडे बघितले. आम्ही माळ्यावरची प्लायवूडची फळी काढून त्यावर रूळ मांडले. मऊ जागी रूळ वाकतात, चाक अधांतरी राहते आणि वीज तुटते.

मग मामंजींची कळी हळूहळू खुलली. बार्शी लाइट रेल्वेची गोष्ट निघाली. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी रुळांची गाडी काढली, १८९७ मध्ये ती बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. हलक्या रुळांवरून जड गाडी न्यायची तर भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला पाहिजे, दर आसाला पाच टन, हा त्यांचा हिशोब होता. (याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही बनवली. डोके बघा!) १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली. २००८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी सगळा मार्ग रुंद झाला. जुनी छोटी गाडी उस्मानाबाद शहरात कधी गेलीच नव्हती. रुंद रूळ टाकताना वाट वळवली तेव्हा शहराला स्टेशन मिळाले. २०२३ पासून शहराचे नाव धाराशिव. मामंजींच्या लेखी मात्र गाडी म्हणजे अजून ती छोटीच.

तर पुन्हा आपल्या इंजिनाकडे. रुळांवर ठेवले, बटण हळूच फिरवले. 'गुर्रर्र' असा आवाज, एक हिसका आणि पुन्हा ठप्प. मी ताबडतोब बटण बंद केले. भगिनींनो, हे लक्षात ठेवा. मिक्सरमध्ये चटणीचे खोबरे अडकले की तो नुसता घुमतो, तेव्हा आपण बंद करतो ना? तसेच. मोटरीत वीज जातेय पण फिरायला वाव नाही, अशी ती ठेवली तर तापून जळते. आवाज आला ही खरे तर चांगली खूण. मोटर जिवंत होती, पण कुणीतरी तिचे पाय धरले होते.

इंजिन मऊ टॉवेलवर उलटे ठेवले. चष्मा लावून बघते तर आसाभोवती घट्ट वेटोळे. मरून दोरा आणि एक लांब केस. मरून दोरा दिवाळीतल्या ब्लाऊजचा. आणि नऊ वर्षांच्या पोराचा केस हातभर लांब नसतो! गेल्या सुट्टीत मी ज्या खोलीत मशीन चालवत होते, तिथेच खाली गाडी फिरत होती. सुईने वेटोळे उचलून, बारीक कात्रीने तोडून चिमट्याने ओढले. ओढताना जोर लावू नका, चाक आसावर सरकते. कात्रीचे टोक पत्र्याच्या जिभांना लागू देऊ नका.

मग तेल. शिलाई मशीनचे पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन एकेक थेंब, तोही धातूच्या आसाच्या टोकाशीच. चाकांच्या कडांवर नाही, मोटरीच्या तांब्याच्या भागावर नाही. बाटलीच ओतलीत तर पुन्हा माझ्यासारखेच व्हायचे.

तुमचे इंजिन एवढे करूनही मुके राहिले तर? मिक्सरवाला 'कार्बन गेलाय' म्हणतो ते आठवा. या मोटरीतही कार्बनचे दोन बारीक तुकडे असतात, ते झिजतात. बदलता येतात, पण त्यांच्यामागच्या स्प्रिंगा उडून कुठे जातात ते देव जाणे. इंजिन मोठ्या पारदर्शक पिशवीत धरून उघडा, म्हणजे उडाली तरी पिशवीत. बल्ब ट्रान्सफॉर्मरपाशीच लागला नाही, तर मात्र ट्रान्सफॉर्मर कुणी उघडायचा नाही. ते काम वायरमनचे. आणि ट्रान्सफॉर्मर नाही म्हणून रुळाच्या तारा सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसण्याचा उद्योग पोरं करू शकतात. त्यात जीव जाईल. हे त्यांना रागावून नव्हे, समजावून सांगा.

सेलवर चालणारी गाडी असेल तर आधी सेलची खोली उघडा. वर्षभर आत राहिलेले सेल पाझरतात. अल्कलाइन सेलचा पांढरा खार हातमोजे घालून कोरड्या ब्रशने झाडा, लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या काडीने पुसा, नीट वाळवा. खेळणे ठेवताना सेल काढून ठेवले की ही कटकटच नाही.

संध्याकाळी इंजिन पुन्हा रुळावर आले. बटण नातवाच्या हातात दिले. आधी एक कण्ह, मग सर्र करून गाडी वळणावर गेली. मी मामंजींना सांगितले, "मामंजी, पोरानं नव्हतं मोडलं. माझा केस होता, आणि तेलही माझंच."

ते थोडा वेळ गाडीच ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोरा, हिकडं ये. ढोकीला थांबवायची असली तर सिग्नल कोण देणार?" उशाशी ठेवलेला हिरवा रुमाल त्यांनी त्याच्या हातात दिला.

आता फळी खाटेखाली आहे, आणि माझे मशीन ओसरीत गेले आहे. काल नातू मला विचारत होता, "आजी, मुरूडच्या पुढे कोणतं स्टेशन?" मी म्हटलं, "मला नको, आत जाऊन विचार."