आठ रोजांचा पगार

मेहकरकडून जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यानं आलं, की सुलतानपूरला लोणारचा फाटा लागतो. सरोवर बघायला निघालेली माणसं इथं चहा घेतात आणि वळतात. बाजूच्या एका गाळ्यात ग्राहक सेवा केंद्र आहे. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, भिंतीवर कागदपत्रांची हातानं लिहिलेली यादी. शटर वर जायच्या आधीच पायरीवर म्हातारी माणसं टेकलेली असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पगार आला का रे बापू?"

पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे. पासष्टीच्या आतल्या विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण पहिल्या योजनेत आणि पासष्टीपुढचे दुसरीत. केंद्र चालवणारा पोरगा पंचविशीतला. तो कुणाला आजी म्हणतो, कुणाला मावशी, आणि प्रत्येकाचं खातं कोणत्या बँकेत आहे हे त्याला तोंडपाठ. "थांब आजी, अंगठा दे आधी." काचेवर अंगठा टेकतो, हिरवा दिवा लुकलुकतो, लाल होतो. आयुष्यभर निंदण-खुरपणं केलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. मग दुसरं बोट, मग ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा अंगठा. पोरगा वैतागत नाही, हे मला विशेष वाटलं. एकेका माणसामागं पाच-सात मिनिटं जातात आणि त्याला सुटतं ते किरकोळ कमिशन.

ऑक्टोबर 2025 पासून या रांगेचे दोन भाग पडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळानं दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांची रक्कम 1500 वरून 2500 रुपये केली. विधवांची आणि वृद्धांची 1500 वरच राहिली. एकाच पायरीवर शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला हजार रुपये जास्त. त्याबद्दल कुणी कुरकुर करताना मी ऐकलं नाही. कुरकुर वेगळीच होती. पोलिओनं पाय गेलेला एक गृहस्थ कुबडी टेकत आला, खातं पाहिलं, तर दीडच हजार. "टीव्हीवर तर अडीच म्हनत होते."

पोरानं पिशवीतले कागद बाहेर काढायला लावले. प्रमाणपत्र जुनं होतं, लॅमिनेशन पिवळं पडलेलं, जिल्हा रुग्णालयाचा गोल शिक्का पुसट झालेला. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र असलेलं कार्ड, नव्हतं. पाय तोच, प्रमाणपत्र खरं, पण 1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त ऑनलाइनच मिळतं आणि संगणकाला ओळख पटते ती कार्डावरच्या नंबरानं. संगणकाच्या लेखी हा माणूस निराधार होता, दिव्यांग नव्हता. कार्डाला रंगाची पट्टी असते. 40 टक्क्यांच्या आत पांढरी, 40 ते 80 च्या मधे पिवळी, 80 आणि वर निळी. संजय गांधी योजनेला 40 टक्के पुरतात, म्हणजे पिवळी मिळाली की झालं. "नोंदणी इथंच करून देतो काका. पन तपासणीले बुलढाण्याले जावं लागन." मेहकर, चिखली, मग बुलढाणा. कुबडीवाल्यासाठी तो दिवस पूर्ण मोडला, आणि सोबत जाणाऱ्या भावाचा रोजही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दरवाढ आपोआप कुणाच्याही खात्यात उतरत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय होतो, शासन निर्णय निघतो, निधीची तरतूद होते, तहसीलला याद्या दुरुस्त कराव्या लागतात आणि थेट खात्यात पैसे टाकणाऱ्या डीबीटीच्या पोर्टलवर प्रत्येक नावापुढं आधार, खातं, प्रकार जुळावा लागतो. यातला एक धागा तुटला, की वाढ वर्तमानपत्रात आणि माणूस पायरीवर.

आणि ही वाढ दरवर्षी होते असंही नाही. दरवर्षी होतो तो हयातीचा दाखला. वर्षातून एकदा जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, नाहीतर पैसे थांबतात. रक्कम मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नाही. ही योजना 1980 सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. 2019 च्या उन्हाळ्यापर्यंत रक्कम 600 रुपये होती आणि तीही बरीच वर्षं. त्या ऑगस्टमध्ये ती 1000 झाली. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. 2023 च्या अर्थसंकल्पात घोषणा होऊन जुलैपासून 1500 झाली. 2025 च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीत उपोषणाला बसले. दिव्यांगांना महिन्याला 6000 द्या, ही त्यांची एक मागणी होती. काही महिन्यांत 2500 झाले. निवडणूक, अर्थसंकल्प, उपोषण. दर वाढायला काहीतरी घडावं लागतं, नुसती महागाई वाढून भागत नाही.

सेवा केंद्रातल्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. महागाईचे निर्देशांक तिथं कुणाला सांगणार? रोज मात्र सगळ्यांना कळतो. रोजगार हमीचा दर केंद्र सरकार दर एप्रिलला शेतमजुरांच्या महागाईच्या निर्देशांकावरून ठरवत आलं. त्यासाठी कुणाला उपोषणाला बसावं लागलं नाही, ती नेमाची गोष्ट होती. 2019-20 मध्ये महाराष्ट्राचा दर 206 रुपये होता. म्हणजे 600 रुपयांचा पगार तीन रोजांनाही पुरत नव्हता. ऑगस्टमध्ये 1000 झाले, तेव्हा तो जवळजवळ पाच रोजांचा झाला. मग रोजाचा दर चढत गेला, 238, 248, 256, आणि हजार रुपये तिथंच बसून राहिले. 2023 च्या मार्चपर्यंत त्या हजारात चार रोजही भरत नव्हते. जुलैत 1500 झाले, दर 273, म्हणजे साडेपाच रोज. 2025 मध्ये दर 312 झाला आणि तेच 1500 पुन्हा पाच रोजांच्या खाली घसरले. मग 2500. बरोबर आठ रोज.

पोरगा मान वाकवून आकडे वाचत होता. "म्हंजे पुढच्या एप्रिलपासून पुन्हा सातवर यिन?" त्यानं विचारलं. दर थोडा जरी वाढला, तरी आठच्या खाली येणारच.

केंद्र सरकारचा वाटा तर याहून थिजलेला. 80 टक्के आणि वर अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेतून 300 रुपये मिळतात. हा आकडा 2012 चा आहे. तेव्हा रोजगार हमीचा दर 145 होता, म्हणजे दोन रोज. आज 300 रुपयांत एक रोजही येत नाही. वरची भर राज्य घालतं म्हणून लाभार्थ्याला हे जाणवत नाही, इतकंच.

उत्पन्नाच्या अटीचंही तसंच. संजय गांधी योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, दिव्यांगांसाठी 50,000. रोजगार हमीच्या कायद्यानं कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. 312 च्या दरानं 68 दिवस काम केलं, की 21,000 ओलांडतात. म्हणजे सरकारनं दिलेली हमी सरकारनंच पूर्ण पाळली, तर ते काम करणारी विधवा निराधार उरत नाही. सगळ्यांचे दाखले वीस-एकवीस हजारांचे का असतात, हे तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. लाडकी बहीण योजनेतल्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा ठेवताना हात सैल सुटला, इथं मात्र मूठ आवळलेली. दोघींना मिळणारी रक्कम तेवढी सारखी, 1500.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं, की पोरगा यंत्र पिशवीत घालतो आणि गावात एक-दोन घरी जातो. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मीही गेलो. घर टिनपत्र्याचं, अंगणात तुरीच्या तुराट्यांची पेंढी. आत बाजेवर विशीतला एक मुलगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्याच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात. अंगठा तळव्यात दुमडलेला, त्यावर बाकीची बोटं. आईनं वाटीत कोमट पाणी आणलं, त्याचा हात त्यात धरला, मनगटापासून हळूहळू चोळत बोटं एकेक करून उघडली. ओढली तर मूठ आणखी आवळते, हे तिला ठाऊक. ती त्याच्याशी बोलत होती, शेजारच्या म्हशीबद्दल. अंगठा मोकळा झाला तसा पोरानं यंत्र खालून सरकवलं. पहिल्यांदा दिवा लाल, मग हिरवा. दोघांनाही याची सवय होती.

पैसे मोजून घेतल्यावर तिनं सांगितलं, त्यातून फिटच्या गोळ्या येतात, पूर्वी आठ-दहा दिवस उसनवारीवर काढावे लागत, आता लागत नाहीत. वाढ झाली ते बरं झालं, हे तिनं दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "सोयाबीनच्या सोंगणीले साऱ्या बाया जातात. माहं जमत नाही. ह्याले कोनापाशी ठिवू?" सोंगणीच्या हंगामात गावातल्या बाया उक्त्यानं एकर घेतात, पहाटे जातात आणि चार पैसे गाठीला बांधतात. त्या आठवड्यांत ही घरात. तिचा बुडणारा रोज कुठल्याच हिशेबात नाही. संजय गांधी योजनेच्या अर्जात सांभाळणाऱ्यासाठी रकानाच नसतो.

कायद्यात मात्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, यातल्या 24 व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे आणि तिच्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्ताही लिहिलेला आहे. त्याच कलमात असंही म्हटलंय, की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्क्यांनी जास्त असावी. कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. महाराष्ट्रात दिव्यांगांना आणि इतर निराधारांना ऑक्टोबर 2025 च्या आधी सारखेच 1500 मिळत होते. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना सांभाळणाऱ्याच्या हाती महिन्याला 600 रुपये ठेवते. रक्कम लहान, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावानं निघते.

दरवर्षीच्या वाढीचा कायदाही आपल्याच देशात झालेला आहे. राजस्थाननं 2023 च्या किमान उत्पन्न हमी कायद्यात लिहून ठेवलं, की सामाजिक सुरक्षेचं निवृत्तीवेतन वर्षाला 15 टक्क्यांनी वाढेल, जुलैत 5 आणि जानेवारीत 10. ब्रिटनमध्ये अपंगत्वाचे आणि काळजीवाहूंचे भत्ते दर एप्रिलला आदल्या सप्टेंबरच्या महागाईप्रमाणे वाढतात. एप्रिल 2025 ला काळजीवाहू भत्ता आठवड्याला 81.90 पौंडांवरून 83.30 झाला. फक्त 1.7 टक्के, तिथले लोक त्यावरही चिडतात. पण कधी आणि कशावरून वाढणार, हे त्यांना आधी माहीत असतं. सुलतानपुरातल्या आईला ते माहीत नाही, तिच्या तहसीलदारांनाही नाही. मला हजार रुपयांच्या घोषणेपेक्षा राजस्थानचा तो रुक्ष परिच्छेद मोलाचा वाटतो, कारण त्यात कुणाचा फोटो छापायला जागा नाही.

आम्ही केंद्रावर परतलो तेव्हा एक मावशी वाट पाहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पगार दीड हजार. पासबुकात नोंद मारून द्यायची होती. टेबलावर माझी आकड्यांची पावती तशीच पडलेली. पोरानं तिला थोडक्यात समजावलं, अमुक रोज, तमुक रोज.

"मंग माहे किती रोज होते?"

"पाचही नाही भरत, मावशी."

तिनं पासबुक कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि भिंतीवरच्या यादीकडं बघितलं. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, फोटो दोन.

"वाढवाचा फारम केवढ्याले पडते?"

"त्याचा फारम नसते, मावशी," तो म्हणाला आणि पुढच्याचं आधार कार्ड मागितलं.