तंबोरा ऐकू येणारं खोकं

बेंगळुरूच्या कोरमंगलात घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला बसलं की पहिली साथ सोनी वर्ल्ड सिग्नलवरच्या हॉर्नची मिळते. पाठोपाठ सेंट जॉन्सकडे निघालेली रुग्णवाहिका, इजीपुऱ्याच्या उड्डाणपुलाची खडखड (काम २०१७ साली सुरू झालं, पुढचं न विचारलेलं बरं) आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर. तरी या आठ ब्लॉकांच्या वस्तीत ही हौस भरपूर आहे. पुण्या-नागपुराहून, सांगली-कोल्हापुराहून नोकरीसाठी आलेल्या पोरापोरींकडे लॅपटॉप असतोच, बऱ्याचदा घरून आणलेली पेटी असते, लहानपणी दिलेल्या गांधर्वच्या दोन-चार परीक्षा असतात. नसतं ते माइक आणि लॅपटॉप यांच्यामधलं खोकं, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. ते घ्यायला निघालं की आकड्यांचा असा मारा होतो की गाणं राहतं बाजूला.

खोक्याचं काम मात्र थोडक्यात सांगता येतं. माइकमधून निघणारा विजेचा दाब मिलिव्होल्टांत मोजावा इतका क्षीण असतो. खोक्यातला प्रीअँप तो वाढवतो. मग एक चिप सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्याचं माप घेते आणि ते आकडे यूएसबीवाटे लॅपटॉपला देते. लॅपटॉपकडून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनपर्यंत पोचवणं हे उरलेलं निम्मं काम. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही हेच पुरवतं.

यातला प्रीअँप एके काळी मोठ्या स्टुडिओंचीच मिरास होता. रुपर्ट नीव्ह या ब्रिटिश अभियंत्याने १९८५ साली फोकसराइट ही कंपनी काढली. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओच्या कन्सोलसाठी प्रीअँप बनवणं हे तिचं सुरुवातीचं काम. पुढे कंपनी अडचणीत आली आणि १९८९ साली फिल डडरिज यांच्याकडे गेली. २००२ साली डिजिडिझाइनच्या एमबॉक्समध्ये फोकसराइटचेच प्रीअँप बसले आणि प्रो टूल्स हे स्टुडिओतलं सॉफ्टवेअर यूएसबीच्या वायरीवरून घरात शिरलं. २०११ साली स्कार्लेट टूआयटू हे लाल खोकं आलं. दोन इनपुट, एक मोठी खुंटी, वेगळा पॉवर सप्लाय नाही. २०२३ पासून त्याची चौथी पिढी बाजारात आहे. दुसरीकडे जर्मनीत १९८९ साली सुरू झालेल्या बेहरिंगरच्या समूहाने २००९ साली मायडास ही नामांकित कन्सोल कंपनीच विकत घेतली. आज बेहरिंगरच्या स्वस्त खोक्यांवर मायडासचं नाव दिसतं ते त्यामुळे.

या सगळ्यातून एक गोष्ट घडली आहे, आणि दुकानदार ती सहसा बोलत नाही: स्वस्त आणि महाग खोक्यांच्या स्वच्छपणात आता फार अंतर उरलेलं नाही. कुठल्याही रोधात उष्णतेमुळे सूक्ष्म खरखर असतेच. माइकसाठी नेहमी धरला जाणारा १५० ओहमचा रोध घेतला तर ती उणे १३१ डीबीयूच्या आसपास येते. निसर्गाने घातलेल्या या मर्यादेपासून चांगली घरगुती खोकी दोन-चार डेसिबलच दूर असतात. तुमच्या खिडकीतून येणारा ऐंशी फुटी रस्ता त्याच्या कितीतरी वर असतो.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी गेन, म्हणजे प्रीअँप आवाज किती वाढवू शकतो ते, आणि तोही आपल्या संगीताच्या हिशेबाने. या खोक्यांच्या जाहिराती गिटार आणि रॉकच्या गायकांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मिरजेचा तंबोरा असतो. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.) त्याची जवारी ही अतिशय हळू आवाजातली श्रीमंती, आणि ती पकडायला माइकपुढे गेन भरपूर लागतो. त्यात घरात बहुधा एसएम५८ असतो, गणेशोत्सवाच्या स्टेजवर दिसतो तो. हा दणकट डायनॅमिक माइक एटी२०२० सारख्या कंडेन्सरच्या तुलनेत सात-आठ पटींनी कमी व्होल्टेज देतो, म्हणजे सतरा-अठरा डेसिबलचा खड्डा. चौथ्या पिढीच्या टूआयटूमध्ये ६९ डेसिबल गेन आहे, त्याच पिढीच्या धाकट्या सोलोमध्ये ५७. कंडेन्सर घेणार असाल तर ५७ पुष्कळ. एसएम५८ वर तंबोरा घ्यायचा असेल तर सोलोची खुंटी शेवटाला टेकेल आणि तरी काटा हलणार नाही.

दुसरी गोष्ट इनपुटची. एकट्याने गायचं असलं तरी दोन इनपुट घ्यावेत. या शहराला घरगुती संगीतयंत्रं नवीन नाहीत. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि तबला घरोघरी पोचवणारी रॅडेल कंपनी बेंगळुरूचीच, आणि ती काढणारे जी. राज नारायण हे अभियंतेही आणि बासरीवादकही. तसला तंबोरा किंवा फोनवरचं अॅप वायरीने दुसऱ्या इनपुटला जोडलं आणि हेडफोनमधून ऐकलं, की गळा एका ट्रॅकवर आणि सूर दुसऱ्या ट्रॅकवर राहतो. तंबोरा जास्त झाला की कमी, हे मग रात्री निवांत ठरवता येतं. स्पीकरवर लावलेला तंबोरा गळ्याच्याच माइकमध्ये शिरला तर तो पुन्हा वेगळा काढता येत नाही.

१९२ किलोहर्ट्झच्या मोहात मात्र पडू नये. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत, तोही तरुणपणी. ४८ किलोहर्ट्झवर चोवीस हजारांपर्यंतचं सगळं नोंदलं जातं. १९२ वर फाइल चौपट होते, गाणं तेवढंच राहतं. २४ बिट हा आकडा मात्र कामाचा. त्यामुळे पट्टी इतकी लांब होते की काटा लाल रेषेपर्यंत नेण्याची टेपच्या काळातली सवय सोडता येते. सगळ्यात जोरकस तान उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तर मंद्रातला आलापही खरखरीत बुडत नाही आणि तार षड्जाला आवाज फाटतही नाही.

लेटन्सीचं, म्हणजे आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येण्याचं, भयही थोडं हिशेब करूनच बाळगावं. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन आणि मधले सोपस्कार धरून दहा मिलिसेकंद लागले, तर तेवढ्या वेळात हवेतला आवाज साडेतीन मीटर जातो. दिवाणखान्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या पेटीवाल्याशी आपण सहज जमवून घेतोच. तबल्याचं बोट मात्र एवढंही खपवून घेत नाही. त्यासाठी खोक्यावर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं, म्हणजे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनला. विंडोजवाल्यांनी ही लेटन्सी कमी ठेवणारा कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर आहे का हे जरूर बघावं. बेहरिंगरच्या सगळ्यात स्वस्त यूएमसी२२ चं घोडं इथेच अडतं, त्याला आसिओ४ऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवावं लागतं. थोडे जास्त पैसे टाकून यूएमसी२०२एचडी घेतलं तर दोन माइक इनपुटही मिळतात आणि ड्रायव्हरही. हात अगदी आखडता असेल तर मी तेच सुचवेन, आणि हात सैल असेल तर चौथ्या पिढीचं टूआयटू. मोटूच्या एम२ चे पडद्यावर हलणारे मीटर सुरेख आहेत, पण त्यांच्यासाठी कर्ज काढू नये.

खोकं घरी आल्यावर पहिल्या रात्री बहुतेकांना 'हूंऽऽ' असा हम ऐकू येतो आणि माल खराब निघाला असं वाटतं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावं. दोन पिनांचा अडॅप्टर, भाड्याच्या घरातलं नावापुरतं अर्थिंग, लाइट गेल्यावर चालणारा चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर, हे ५० हर्ट्झच्या त्या हमचे नेहमीचे जन्मदाते. बॅटरीवर रेकॉर्ड केलं की तो बहुधा गायब होतो. माइकची एक्सएलआर केबल एस. पी. रोडला मिळते, मुंबईकराने तिथे लॅमिंग्टन रोडसारखंच फिरावं. वाचलेल्या पैशांतून जाड पडदे घ्यावेत, कारण इथल्या फ्लॅटांतल्या गुळगुळीत फरशा आणि उघड्या भिंती सूर परतवून पुन्हा माइकमध्ये टाकतात. एक सोय मात्र मुंबईवाल्यांना हेवा वाटावा अशी आहे: बेंगळुरूत वर्षातले बरेच महिने पंखा बंद करून गाता येतं.

आणि नवंच घ्यायला हवं असंही नाही. या भागात माणसं सारखी नोकरी आणि शहर बदलतात, आणि हौसेने घेतलेली खोकी सगळ्यात आधी विकायला निघतात. विकणाऱ्याच्या घरी आपला माइक, केबल आणि हेडफोन घेऊन जावं. ४८ व्होल्ट लावून कंडेन्सर चालतो का बघावं. गेनची खुंटी सावकाश पूर्ण फिरवून हेडफोनमध्ये करकर येते का ऐकावं. दोन्ही इनपुट तपासावेत, कारण एक मेलेला असला तरी दुसऱ्यावर सगळं झकास वाजतं. शेवटी यूएसबीची वायर लावलेली असतानाच हलकेच हलवावी. आवाज तुटला तर भाव न करता उठावं.