बेंगळुरूच्या टाक्यांतले गप्पी

बेंगळुरूत नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून बऱ्याच घरांखाली पाण्याचा ‘संप’, म्हणजे जमिनीखालची टाकी, असते. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

त्यावर उपाय म्हणजे गप्पी मासे. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे पृष्ठभागाशी श्वास घ्यायला आलेली डासाची अळी त्यांना सहज टिपता येते. ते अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात, म्हणून संख्या लवकर वाढते. मात्र जास्त क्लोरीन त्यांना सोसत नाही. आणि फुलदाणी, टायर, कूलर यांत मासे कसे राहणार? ती भांडी आठवड्यातून एकदा घासूनच कोरडी करायला हवीत, कारण एडिसची अंडी कोरड्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात.

गप्पीचा भाऊबंद गॅम्बुसिया 1928 मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. तो अधिक खादाड, पण देशी माशांची अंडी-पिल्लंही फस्त करतो. म्हणून हे परदेशी मासे बंदिस्त टाकीतच ठेवावेत; तलावात, ओढ्यात सोडणं मला धोक्याचं वाटतं.