लाईन गेली तेव्हा

पहाटे ५:००

सासूबाई माझ्याआधी उठून अंगणात उभ्या. आमचं वावर विकून अकरा वर्षं झाली, तरी जुलै लागला की त्यांचं पहिलं काम आभाळ बघणं.

"येते काय आई?"

"ते येत नाही अन् नाही म्हनूनबी सांगत नाही," असं म्हणून त्या चहा ठेवायला आत जातात.

मृगात एकदा बरसून गेला. लोकांनी सरकी टोबली, सोयाबीन पेरलं आणि तेव्हापासून सतरा दिवस कोरडे. सिनेमावाल्यांना यवतमाळ म्हटलं की एकच चित्र सुचतं : खाली भेगाळलेली जमीन, वर बघणारा म्हातारा. काळी जमीन उन्हाळ्यात सगळ्यांचीच भेगाळते, भरघोस पिकाच्या वर्षीही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरकरांनी हेवा करावा इतका. दुखणं आहे ते पावसाच्या खंडाचं, आणि पीक आलं की भावाचं. खंड कॅमेऱ्यात पकडायचा कसा? एक कोरडा दिवस तर दुसऱ्यासारखाच दिसतो. कथालेखक 'सतरा दिवस' एवढे दोन शब्द लिहितो आणि मोकळा होतो.

आज बारावीला हेच शिकवायचंय. संघर्ष, वातावरण, पात्र : कथेत कसं, पडद्यावर कसं.

६:३०

यवतमाळहून कळंबची एसटी. तेवीस-चोवीस किलोमीटर, म्हणजे एक डुलकी. आज डुलकी लागली नाही, कारण पुढच्या सीटवर दोघं बोलत होते.

"तुह्यं निंघालं काय?"

"अर्धं निंघालं, अर्धं पाखरानं खाल्लं."

"मंग मोडतं काय?"

"घरात इचारलं नाही अजून."

मी पर्समधली पावती काढून तिच्या पाठीवर शेवटचं वाक्य लिहून घेतलं. पाऊस, पाखरं, बियाणं हे सगळं बाहेरचं. पण या माणसाची गोष्ट सुरू होते ती 'घरात इचारलं नाही' इथून. दुबार पेरणीला पैसा लागतो, तो कुठून आणायचा हे त्याला ठाऊक असावं. तो कुणाच्या अंगावरून उतरणार, हेही ठाऊक असावं.

७:४५

बारावी कला. पटावर बेचाळीस, हजर तेवीस. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा मुलगा नाही.

"टोबाले गेला मॅडम. वही पाठवली त्यानं."

वह्यांच्या गठ्ठ्यात ती ठेवून घेतली. कालचा गृहपाठ होता : घरातला एखादा प्रसंग असा लिहा की मनातलं एकही वाक्य लिहायचं नाही, फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच.

बारावीच्या 'युवकभारती'त कथा हा साहित्यप्रकार आहे. व. पु. काळे यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी'. पहिली एका रुपयाच्या नोटेमागे मुंबईत धावते, दुसरीत आपल्याकडची बोली आहे. पोरं 'गढी'वर खूश असतात, कारण त्यातली माणसं घरच्यासारखी बोलतात. मला मात्र अध्यापनात 'शोध' जास्त कामी येते. एका नोटेवर अख्खी कथा उभी राहते, हे एकदा कळलं की पटकथेचं अर्धं गुपित कळतं. पडद्याला वस्तू लागते.

फळ्यावर बसमधलं वाक्य लिहिलं : घरात इचारलं नाही अजून. "हे दाखवा. त्याच्या मनात काय चाललंय ते आवाज टाकून सांगायचं नाही."

पहिलं उत्तर आलं, नवरा-बायकोचं भांडण, मग ताट फेकणं. आमच्या पोरांच्या सगळ्या कल्पनांत ताट फेकलं जातं. ही मालिकांची देणगी. दुसऱ्यानं बासरी वाजवली. तिसऱ्यानं फासाचा दोर आणला, वर्ग एकदम गप्प झाला आणि त्यानं स्वतःच तो मागे घेतला. "नको मॅडम, ते सगळेच दाखवतात."

मग मागच्या बाकावरची मुलगी उठली. एरवी हजेरीपुरतं बोलते.

"बाप बियाण्याची थैली आनते, पन घरात नाही नेत. गोठ्यात ठेवते. माय शेण काढाले जाते तं तिले दिसते. ती काहीच म्हनत नाही. थैलीवर पोतं टाकते."

"पोतं कशाला?"

"गोठा गळते ना मॅडम. पानी आलं तं भिजन थैली."

मी खडू ठेवून दिला. ज्या पावसाची घरदार वाट बघतंय, त्याच पावसापासून बाई बियाणं झाकते. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. हेच कथेत लिहायचं तर एक ओळ पुरे : तिनं थैली पाहिली आणि काही बोलली नाही. पडद्यावर मात्र थैली, गोठा, पोतं, बाईचा हात, सगळं लागतं. वर्गाला तेच सांगितलं. कथेत वातावरण लेखक बोलावेल तेवढंच येतं. कॅमेऱ्यासमोर ते न बोलावता येतं. थैलीचा रंग, त्यावरचं कंपनीचं नाव, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर. दिग्दर्शकाचं निम्मं काम नको ते काढून टाकण्याचं.

"मंग 'शेरनी'त काहून नाही काढलं?" राळेगावकडचा एक जण म्हणाला.

त्याचा राग जुना आहे. त्याच्या मुळाशी टी-१ म्हणजे अवनी वाघीण. तेरा जणांचा बळी घेतल्याचा तिच्यावर ठपका होता आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली गेली. २०२१ मध्ये विद्या बालनचा 'शेरनी' आला तेव्हा सगळ्यांना तीच आठवली. चित्रण मध्य प्रदेशातलं. "तिथं जंगलच जंगल हाय मॅडम. आपल्या इथं तं पऱ्हाटीत वाघ होता. माह्या मामाच्या धुऱ्यावर."

त्याचं म्हणणं गंभीरपणे घेण्यासारखं आहे. घनदाट जंगलात वाघीण तिच्या घरी असते आणि भांडण होतं ते अधिकारी, शिकारी, पुढारी यांच्यात. तीच पऱ्हाटीत आणली की भांडण कापूस वेचणाऱ्या बाईच्या पायाशी येतं. जागा बदलली की पात्रांची रांगही बदलते. चित्रपट म्हणून 'शेरनी' मला आवडतो, पण तो आमच्या धुऱ्यावरचा नाही.

९:३०

अकरावीला 'ध्यानीमनी'चा उतारा. प्रशांत दळवींचं नाटक, चंद्रकांत कुलकर्णींनीच आधी रंगमंचावर आणि २०१७ मध्ये पडद्यावर आणलेलं. मूल नसलेल्या बाईनं मनात वाढवलेला मोहित. नाटकात तो नसूनही असतो, कारण रिकामी खुर्ची बघायची प्रेक्षकाची तयारी असते. त्याला कॅमेऱ्यानं दाखवावं का, यावर पोरं तास संपेपर्यंत भांडली. निकाल लागला नाही. लागायलाही नको होता.

शिक्षकखोलीत इतिहासाच्या सरांचं म्हणणं, सिनेमा नेहमी कथेची वाट लावतो. मी त्यांना 'अर्धसत्य' चित्रपटाची आठवण करून दिली. १९८३चा. गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, मूळ श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा. कथेचा जीव बाप-लेकात. चित्रपटानं तो ठेवला आणि समोर सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी बसवला. आतल्या भांडणाला बाहेर एक चेहरा मिळाला. वाट लागली म्हणायची की वाट मिळाली? सरांनी चहा संपवला आणि पासबुकाचा विषय काढला.

११:००

दोन्ही वर्ग एका खोलीत, खिडक्यांना जुन्या सतरंज्या, माझा लॅपटॉप आणि कॉलेजचा प्रोजेक्टर. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९चा. गिरीश कुलकर्णी किसना, सोनाली कुलकर्णी अलका.

शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या मनात भीती घर करते : आपलाही नवरा असंच काही करेल. ती त्याला विचारत नाही. त्याच्यामागे लहानग्या मुलाला, दिनूला लावते, सासूलाही कामाला लावते. किसनाला कळेना, हे पोरगं सारखं मागे का? या भानगडीत हसू येतं. आमची पोरं खळखळून हसली आणि हसताना एकमेकांकडे बघू लागली, हसावं की नाही म्हणून. कर्ज, नापिकी, सावकार हे सगळं चित्रपटात आहेच. पण संघर्ष जगण्याशी झुंजणाऱ्या किसनाइतकाच त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या पोटात आहे. एक घर, एक भीती. मला तर हा चित्रपट लघुकथेच्या मापाचा वाटत आलाय. पसारा मांडायची सगळी सोय असून त्यानं तो मांडला नाही.

पाऊण तास झाला आणि लाईन गेली.

दहा मिनिटं वाट पाहिली. लॅपटॉपच्या बॅटरीचा भरवसा नाही, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर साठ जण काय बघणार? सतरंज्या काढल्या. उजेड आला, उकाडा कमी झाला. कपाटातून भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' काढली. कधीकाळी शालेय पाठ्यपुस्तकात होती, माझ्या पिढीला अजून पाठ आहे. खिडकीशी उभी राहून वाचायला लागले.

यवतमाळची नाही ही कथा, मराठवाड्यातली. कापूस नाही, टोमॅटो. भाव पडतो आणि बाप स्वतः पिकवलेले टोमॅटो भर बाजारात पायांखाली तुडवतो. हे आपण बघतो ते मुलाच्या डोळ्यांनी. अर्ध्या तासापूर्वी दिनू बापामागे फिरत होता, आता हा मुलगा बापाकडे बघत उभा. वाचता वाचता लक्षात आलं, दोन्हीकडे कॅमेरा पोराच्याच हातात आहे. एक फरक मात्र आहे. दिनूला काय वाटतं हे चित्रपट सांगत नाही, फक्त त्याचे पळणारे पाय दाखवतो, आणि आपण त्यात आपली भीती ओततो. कथेतला मुलगा स्वतः सांगतो, म्हणून त्याची लाज, त्याचा बाप आणि तो चिखल एकाच वाक्यात येऊ शकतात. पडद्याला तिन्हींसाठी तीन शॉट लागले असते.

वाचून झाल्यावर कुणी बोललं नाही. बाहेर शिपाई मोटरसायकल पुसत होता, त्याच्या फडक्याचा आवाज तेवढा येत होता. लाईन आली तेव्हा पंखे एकदम फिरले आणि पोरांनी सवयीनं ओरडून स्वागत केलं. चित्रपट पुढे लावायचा वेळ उरला नव्हता.

१:४५

परतीच्या बसमध्ये जागा नाही. राजूरचं नाव ऐकलं की मला २०१९चा जानेवारी आठवतो. यवतमाळचं ९२वं साहित्य संमेलन. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवरा आत्महत्येनं गेलेला. त्याआधी त्या श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात उभ्या राहिल्या होत्या. त्यात अशा घरांतल्या बायकांनी काम केलं.

पात्र शिकवताना मी इथे अडखळते. कथेतलं पात्र शब्दांचं, त्याला चेहरा वाचक देतो. पडद्यावर सोनाली कुलकर्णी अलकाला चेहरा उसना देते आणि घरी जाते. 'तेरवं'तली बाई मात्र प्रयोग संपवून त्याच गोष्टीत परत जाते. तिच्या कामाला अभिनय म्हणायचं का, असं वर्गात एकीनं विचारलं होतं. मी पुढच्या तासाला बोलू म्हटलं. दोन वर्षं झाली.

आणखी एक गंमत. यवतमाळात त्याआधीचं संमेलन १९७३चं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. गीतकार म्हणून सगळे ओळखतात, पण कथाही लिहायचे आणि 'दो आँखें बारह हाथ'सारख्या चित्रपटांची पटकथाही. दोन्ही घरांतला माणूस आमच्या गावच्या मांडवात बसून गेला. याचा एखादा फलकबिलक कुठे आहे का, हे मी बरीच वर्षं शोधतेय.

७:३०

सासूबाईंची मालिका. मी भाजी निवडत बसते, कारण माझ्याही नकळत मला त्यातल्या थोरल्या जावेचं काय होतं ते बघायचं असतं. मालिकेतला संघर्ष सुटू द्यायचा नसतो, सुटला की पगार बंद. म्हणून तो दर पाच मिनिटांनी भडकतो आणि जाहिरातीनंतर होता तिथेच सापडतो. सगळं दिवाणखान्यात, भर दुपारी भरजरी साड्यांत.

"इच्या घरी सैपाक करतच नाही काय कोनी?" सासूबाई म्हणाल्या. "अन् याईचं वावर कुठीसा हाय? एवढा पैसा येते कुठून?"

वातावरणावर इतकी नेमकी टीका मी समीक्षेच्या पुस्तकांत क्वचितच वाचली आहे. उद्या वर्गात त्यांच्या नावानिशी सांगणार.

१०:००

वह्या. सतरा वह्यांत ताट फेकलेलं, एकीत आरसा फोडलेला. आरसा नवा आहे, त्याला अर्धा गुण जास्त. टोबायला गेलेल्या मुलाची वही सगळ्यात खाली. पानाला मातीचं बोट लागलंय. प्रसंग चारच ओळींचा :

"सकाळ. बाप ओट्यावर बसून आभायाकडे पायते. माय चुलीपासून बापाकडे पायते. मी दप्तर घेऊन उभा हाय, मी मायकडे पायतो. मंग मी दप्तर खुटीले टांगतो."

खाली, समासाबाहेर, पेन्सिलीनं : "मॅडम, यात संघर्ष लिहाचा राहून गेला. चार मार्क भेटतीन काय?"

बाहेर पत्र्यावर काहीतरी टपटपलं. सासूबाई अंधारातच अंगणात गेल्या, हात पुढे करून उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं आत आल्या.

"कडुलिंबाच्या लिंबोया पडून रायल्या," म्हणाल्या आणि कडी लावली.